दाराआडची मराठी

या आठवड्यात पुन्हा कोहरा पडला. मराठीत त्याला धुकं म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण धुकं हा शब्द मला डोंगरातला वाटतो, ऊन आलं की विरून जाणारा. काशीतला कोहरा विरत नाही, तो बसतो. सकाळचे नऊ वाजले तरी मुन्शी घाट उतरताना पाच-सहा पायऱ्यांनंतर नदी नसतेच. होडी दिसत नाही, वल्ह्यांचा आवाज तेवढा येतो. आणि कुणी खोकलं तर तो माणूस आपल्या शेजारी आहे की पलीकडच्या घाटावर, हे कळत नाही. अशा दिवसांत मी दुपारपर्यंत खाली उतरत नाही. वय झालं, हे एक कारण. दुसरं असं एका वाक्यात सांगता येत नाही.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी अडतीस वर्षांची होते आणि मुलींच्या एका प्राथमिक शाळेत हिंदी शिकवत होते. गल्लीत सगळे मला मास्टरनीजी म्हणत. वडील रेल्वेच्या नोकरीपायी वऱ्हाडातून इकडे आले आणि इथलेच झाले. ते जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. घाटामागच्या गल्लीत कमलाकाकूंच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या; त्यात आता मी एकटी होते. खाली काकू एकट्या. साठीच्या, विधवा, मूलबाळ नसलेल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी पुण्याकडून आलेलं, पण त्यांनी स्वतः पुणं कधी पाहिलं नव्हतं. त्यांची मराठी इथलीच. “शालू, नळ आला गं, बाल्टी लाव,” अशी हाक जिन्यातून यायची आणि माझा दिवस सुरू व्हायचा. वडील गेल्यापासून मी मराठी बोलत असे ती एवढीच, सकाळी पाणी भरताना आणि तिन्हीसांजेला दिवा लावताना. बाकी सगळा दिवस हिंदीत जाई. कधी कधी वाटे, आणखी थोड्या वर्षांनी मला स्वप्नंही हिंदीत पडतील, आणि ते सांगायलाही कुणी नसेल.

वडील गेले आणि लगेच त्या हिवाळ्यात शहरात दंगल झाली. वर्षभराने तिची चौकशी करायला सरकारने एक आयोग नेमला. ज्यांचं माणूस गेलं, घर जळलं, त्यांनी शपथेवर हलफनामा लिहून द्यायचा, मग कचहरीत निवृत्त न्यायमूर्तींसमोर येऊन बोलायचं. पण लिहून देणार कोण? ज्यांच्यावर गुदरलं होतं त्यांतल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, आणि उरलेल्यांना कागदाचीच भीती. सक्सेना नावाचे एक वयस्क वकील आमच्या शाळेत आले. ज्याचं अक्षर सुवाच्य आहे आणि ज्याला ऐकून घेता येतं असं कुणी हवंय, म्हणाले. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. लोकांना वाटलं, सेवाभाव. खरं सांगायचं तर शाळा सुटल्यानंतरचा वेळ मला खायला उठत होता. आणि आणखीही एक गोष्ट होती, जी मी तेव्हा स्वतःलासुद्धा सांगत नव्हते.

बंगाली टोल्यातल्या एका बंद पडलेल्या वाचनालयाची खोली मिळाली होती. रिकामी कपाटं, एक लांब बाक, मध्ये मातीची बोरसी, तिच्यात गोवऱ्यांचा विस्तव. दोन्हीकडचे लोक येत. वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वेळा वेगळ्या ठेवायच्या नाहीत. सुरुवातीला एक गट आला की दुसरा दाराबाहेर उभा राही. मग थंडीने काम केलं. बोरसी एकच होती. रामकली नावाची, नावाड्यांच्या वस्तीतली एक मल्लाहीण यायची, तिचा थोरला मुलगा भोसकला गेला होता. एकदा तिने स्वतःच्या पोत्यातल्या दोन गोवऱ्या विस्तवात घातल्या आणि समोरच्या बुरखेवालीकडे न बघताच सरकून जागा केली. त्यापलीकडे त्या दिवशी काही झालं नाही. मला मात्र घरी जाऊन ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं. काकूंना सांगितलं. काकू वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, “दोन्हीकडचं लिहिणारा कुणाचाच नसतो गं शालू. संभाळून.”

जुबैदा पहिल्यांदा आली तेव्हा काहीच बोलली नाही. चाळिशीची असेल. मदनपुऱ्यातली विणकराची बायको. तर्जनीवर रेशमाच्या धाग्याने पडलेली बारीक चीर होती, वर्षभर विणायचा करघा बंद असूनही न भरलेली. ती बाकाच्या टोकाला बसली, माझ्याकडे बघत राहिली आणि उठून गेली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्यांदा मी विचारलं, काही लिहायचं आहे का? ती म्हणाली, अजून नाही. एव्हाना मी एवढं शिकले होते की विचारल्याने माणसं बोलत नाहीत, शेजारी बसल्याने बोलतात. मी घरून मटार नेले होते, सोलायला घेतले. तिनेही मूठभर उचलले. सगळे सोलून होईपर्यंत ती बोलायला लागली होती.

तिच्या नवऱ्याचं नाव अनीस. कर्फ्यूत दोन तासांची ढील, म्हणजे सूट, मिळाली त्या सकाळी तो दूध आणायला निघाला. मुलगी बाळंतपणाला आली होती, तिला दूध उतरत नव्हतं. मोठ्या रस्त्यावर गर्दी बघून तो गल्ल्यागल्ल्यांतून गेला असावा. परत आला नाही. दोन दिवसांनी सापडला तो रुग्णालयाच्या शवागारात. पोलिसांच्या कागदावर दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, लावारिस, म्हणजे बेवारस. दुसरी, कर्फ्यूचं उल्लंघन करून फिरत असताना मृत्यू.

मी लिहीत गेले. शाळेत निबंध सुधारायची सवय, त्यामुळे हात आपोआप नीटनेटकी वाक्यं करत होता. वाचून दाखवू लागले तशी तिने मला थांबवलं. ‘मृतक’ लिहिलंय तिथे अनीस लिहा, म्हणाली. मग ‘दुर्दैवी घटना’ हे शब्द खोडायला लावले. तिला कोणी मारलं हे विचारायचं नव्हतंच. ते कधी कळणार नाही हे ती धरून चालली होती. तिला पोलिसांच्या कागदावरच्या त्या दोन गोष्टी पुसून हव्या होत्या.

“लावारिस नहीं थे,” ती म्हणाली. “मैं हूँ। और चोरी से नहीं निकले थे। छूट थी, तब निकले थे। बस इतना सरकार लिख दे।”

मग मी रकान्यात पत्ता भरायला घेतला. प्रेत कुठे मिळालं? तिने सांगितलं, मुन्शी घाटामागची गल्ली, पिंपळाच्या अलीकडे. माझं पेन थांबलं. तिने विचारलं, “आप वहीं रहती हैं न?”

मी हो म्हटलं. ती आणखी काही विचारेल असं वाटलं. तिने विचारलं नाही. कागदावर अंगठा उठवला आणि गेली.

आता ती सकाळ सांगते. ढील अकरा वाजेपर्यंत होती. भाजी आणून मी खालच्या दाराला कडी घालत होते. कोहरा इतका की गल्ली पांढरी झाली होती. काकू मागे उभ्या होत्या. तेवढ्यात पळत येणारी पावलं ऐकू आली, एकाची, आणि त्यांच्यामागे अनेकांची, थोडी लांब. मग आमच्या दारावर थाप. माझा हात कडीवरच होता. मी कडी अर्धी उचललीसुद्धा. काकूंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “उघडू नकोस.” हळू नाही, चांगलं ऐकू जाईल असं.

बाहेरच्या माणसाला ते शब्द कळले नसणार. पण आत कुणी म्हातारी बाई आहे एवढं त्याला कळलं, कारण तो म्हणाला, “अम्मा, खोलिए। हाथ में दूध है, और कुछ नहीं।” तीनदा थाप मारली त्याने. तिसरी अगदी हलकी होती, आपण कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जातो तशी. मग पावलं पुढे गेली, मागची पावलं त्यांच्यामागून गेली, आणि कोहऱ्यातून जो आवाज आला तो मी लिहिणार नाही. वर येऊन भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अकराला वीस मिनिटं होती. कर्फ्यू पुन्हा लागल्याचं ओरडत फिरणारी जीप त्यानंतर कितीतरी वेळाने आली. खिडकीच्या फटीतून दगडांवर सांडलेलं दूध दिसत होतं. पोलीस आले, विचारून गेले. काकू म्हणाल्या, आम्ही झोपलो होतो. मी त्यांच्या मागे उभी होते. गप्प.

आम्ही दोघी त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. बोललो असतो तर मराठीतच बोललो असतो, आणि दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. तरी नाही बोललो.

जुबैदाचा कागद लिहिल्यानंतर तीन आठवडे मी त्या खोलीत जातच राहिले. इतरांचं लिहीत राहिले. कुणाचा शब्द हलका होऊ नये म्हणून जपत राहिले. जुबैदा यायची, बोरसीजवळ बसायची. एकदा रामकलीच्या पायाला भेग पडली होती, तर जुबैदाने आपल्या डबीतलं मलम तिला दिलं. मला हे सगळं दिसत होतं, आणि त्यांच्यात बसायचा आपल्याला अधिकार नाही असंही वाटत होतं.

मधे संक्रांत आली. दरवर्षी भोसले घाटाकडच्या एका मराठी घरी तिळाच्या वड्या करायला मला बोलावणं असायचं. त्या वर्षी आलं नाही. संध्याकाळी मी शहाण्यासारखी नवी साडी नेसून बसले होते, आपणच जावं का असा विचार करत. गेले नाही. शाळेतल्या एका बाईंनी मटार घातलेल्या पोह्यांचा चुडा-मटर पाठवला होता तो खाल्ला. काकूंनी वर येऊन हातावर तिळगूळ ठेवला आणि नेहमीचं वाक्य म्हणायच्या आधीच जिना उतरून गेल्या. गोड बोला म्हणायला त्यांनाही जड गेलं असेल.

त्यानंतरच्या रविवारी मी जुबैदाला सांगितलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. बसायला सांगून, तिच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. कडी, मनगट, तीन थापा, दूध.  तिने विचारलं, त्यांनी अम्मा म्हणून हाक मारली, तर त्याआधी अम्माने काय म्हटलं होतं? मी ते दोन शब्द मराठीत म्हटले. तिने अर्थ विचारला. वर्गात रोज शब्दांचे अर्थ सांगणारी मी, मला ते दोन शब्द हिंदीत करायला किती वेळ लागला.

“मत खोलो.”

तिने मान हलवली. मग म्हणाली की ती मुळात लिहायला आलीच नव्हती. त्या गल्लीतली मास्टरनी लिहिते हे ऐकून, अनीस शेवटी काय बोलला हे विचारायला आली होती. तीन वेळा विचारायचं धाडस झालं नाही. मी माफी मागू लागले, तशी ती उठली. “माफ़ी की बात अभी मत कीजिए,” ती म्हणाली. “जो मुझसे कहा, वही वहाँ कहिए।”

घरी येऊन मी काकूंना सांगितलं की मी कचहरीत साक्ष देणार. त्या खूप वेळ देवासमोरची भांडी पुसत राहिल्या. मी त्यांचा विश्वासघात करते आहे असं त्या म्हणाल्या असत्या तर मी वाद घातला असता. त्या एवढंच म्हणाल्या, माझं नाव घेऊ नकोस; या गल्लीतच मला मरायचं आहे. मी कबूल केलं. तो शब्द मी पाळला. तो पाळावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

साक्षीच्या दिवशीही कोहरा होता. कचहरीच्या व्हरांड्यात जुबैदा आणि रामकली एका शालीत बसल्या होत्या. माझ्याजवळ कुणी नव्हतं. सक्सेनासाहेब आत कागद लावत होते. मी वेळ सांगितली, घड्याळ सांगितलं, जीप नंतर आल्याचं सांगितलं, दुधाचं सांगितलं. न्यायमूर्तींनी विचारलं, आपण दार का उघडलं नाही? मी म्हटलं, भीती वाटली. घरात आणखी कोण होतं? घरातली एक वडीलधारी. पण कडीवर हात माझा होता. त्यांनी नाव विचारलं नाही, माझ्याकडे क्षणभर पाहून पुढे गेले. लिपिकाने वाचून दाखवलं, ‘गवाह दरवाजा नहीं खोल सकीं.’ मी म्हटलं, तसं नाही, ‘नहीं खोला’ असं लिहा. त्याने खोडून लिहिलं.

आयोगाचा अहवाल पुढे कितीतरी काळ कुठल्या कपाटात पडून होता मला माहीत नाही. कुणाला शिक्षा झाल्याचं मी ऐकलं नाही. पण साक्षीनंतर महिन्याभरात सक्सेनासाहेबांनी पोलिसांच्या कागदातल्या दुरुस्तीची नक्कल मिळवली. तिच्यात अनीसचं नाव होतं, बापाचं नाव होतं, वारस म्हणून जुबैदाचं नाव होतं, आणि ‘छूट की अवधि में’ हे चार शब्द होते. जुबैदाला वाचता येत नव्हतं. तिने ते चार शब्द कोणते ते माझ्याकडून बोट ठेवून दाखवून घेतले, आणि कागदाची घडी त्या शब्दांवर पडणार नाही अशी घातली.

आमच्या गल्लीत मात्र माझ्याशी बोलणं बंद झालं. भांडण नाही, टोमणा नाही. मी आले की ओट्यावरचं बोलणं थांबायचं, एवढंच. पण ते सोसलं मी. सोसलं नाही ते दुसरं. काकू माझ्याशी हिंदीत बोलू लागल्या. साक्षीच्या दुसऱ्याच सकाळी जिन्यातून आवाज आला, “पानी आ गया है, भर लीजिए।” लीजिए! ज्या बाईने माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मला स्वतःच्या हाताने जेवू घातलं, तिने मला एका रात्रीत आप करून टाकलं. मी उत्तर मराठीत देत असे. त्या ऐकत, आणि पुढचं वाक्य पुन्हा हिंदीत. तो सगळा माघ मी घरात माझ्या भाषेत एकटी होते. एकदा भात उतू गेला तर मी चुलीशी बोलले. आपला आवाज ऐकून दचकले.

आज काकू नाहीत. जुबैदा मुलीकडे मऊ गावी गेली, तिकडेच वारली असं कळलं. रामकलीची नात मला बाजारात भेटते. खाली आता काही विद्यार्थी राहतात, चांगली मुलं आहेत, मला आंटी म्हणतात. कोहरा पडला की मी दाराजवळ बसून राहते. कुणी यावं म्हणून नाही. तेवढा वेळ तिथे बसणं मला लागतं, इतकंच. माणूस एखाद्याच्या दुःखाला शब्द देऊ लागतो तेव्हा त्याला वाटतं आपण उपकार करतो आहोत. जुबैदाने मला शिकवलं की लिहिणाराही काही देणं लागतो, आणि ते आधी द्यावं लागतं. मी उशिरा दिलं.

त्या वर्षी, साक्षीनंतर, फाल्गुन लागला तसं आकाश मोकळं झालं. एका दुपारी मी शाळेतून आले तर खालचं दार सताड उघडं, आणि ओसरीवर जुबैदा उभी. तिला ती जागा बघायची होती. पिंपळापासून आमच्या दारापर्यंत चालून आली होती. काकूंनीच दार उघडलं होतं. कोण म्हणून विचारलं असावं, आणि तिने सांगितलं असावं, कारण काकूंचा चेहरा कागदासारखा झाला होता. मी उंबऱ्यातच थांबले. मधे पडावं असं वाटलं आणि पडले नाही.

जुबैदा दाराच्या लाकडावर हात फिरवत होती. बाहेरच्या बाजूने.

काकू जन्मभर काशीत राहिलेल्या. भाजीवाल्याशी, पंड्याशी, डॉक्टरांशी त्यांची हिंदी माझ्यापेक्षा सरस चालायची.  त्या दिवशी मात्र त्या खाली जमिनीवर बसल्या आणि बोलल्या ते मराठीत. “मीच म्हटलं होतं, बाई. मला भीती वाटली हो. फार भीती वाटली.” आणि मग माझ्याकडे न बघता, कित्येक आठवड्यांनी, “शालू, सांग गं तिला.”

मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं. जुबैदाने हात वर करून मला थांबवलं. ती काकूंच्या समोर, हातभर अंतर ठेवून, जमिनीवर बसली.

“रहने दीजिए,” ती म्हणाली. “इतना समझ गई।”